चाकांना कुलूप लावणारा माणूस

कुलूपवाल्याचं चष्मेवाल्या बाईंशी काहीतरी आहे, ही बातमी आमच्या वळणावर पहिल्यांदा कोणी आणली, हे आता कोणीच कबूल करत नाही. मी तर आणली नाहीच. मी ती फक्त पुढे दिली. देताना जरा झटकून, पुसून, घडी मोडून दिली, एवढंच.

कुजबुज अशी होती की, कपबश्यांच्या कारखान्याचा मातीचा छोटा ट्रक चालवणारा हा साठीकडे झुकलेला सज्जन गृहस्थ रोज त्या बाईंच्या दुकानासमोर घिरट्या घालतो. घिरट्या म्हणजे खरोखरच्या घिरट्या, आणि त्याही ट्रकसकट! खिडकीला अगदी चिकटून गाडी उभी करायची. उतरायचं, खिडकीखालच्या कट्ट्यावर बसायचं. उठायचं, गाडी वळणावर फिरवायची आणि उलट्या तोंडानं पुन्हा त्याच खिडकीला आणून चिकटवायची. पुन्हा उतरायचं, पुन्हा कट्ट्यावर बसायचं. मग आणखी एक वळसा घेऊन कुठे स्वारी टेकडीच्या वाटेला लागायची. खाणीवरून माती भरून खाली आला की हेच सगळं परत. बरं, बाई खिडकीत बसलेल्या. चष्म्याच्या काड्या सरळ करण्याचं काम उजेडात करावं लागतं, त्यामुळे त्या खिडकीतच बसणार. आता तुम्हीच सांगा, माणसानं यावरून काय समजायचं?

आमचं वळण म्हणजे गावाची डांबरी सडक जिथं संपते ती जागा. एका बाजूला दाढी-कटिंगचं दुकान आणि त्यापुढे एक लांब बाकडं. हे बाकडं गिऱ्हाइकांसाठी आहे असं दुकानदार म्हणतो, पण त्यावर गिऱ्हाईक बसलेलं मी कधी पाहिलं नाही; आम्हीच बसतो. दुकानदाराला आम्ही वस्तरा म्हणतो, आणि ते त्याच्या हातातल्या हत्यारावरून नाही, तोंडातल्या हत्यारावरून. बाकड्याच्या बरोबर समोर चष्मेवाल्या बाईंची खिडकी. तिथून पुढे टेकडी आणि टेकडीवर पांढऱ्या मातीची खाण. खाणीत पाणी साचतं, ते पंपानं उपसून वाटेवरच सोडतात, त्यामुळे ती वाट बाराही महिने ओली. पांढरी, चिकट, वर लोण्यासारखी साय. त्या वाटेवर मांजरसुद्धा विचार करून पाऊल टाकतं.

अशा वाटेवरून कुलूपवाला रोज माती खाली आणायचा. नाव त्याला त्याच्या कामावरून पडलेलं. मी चौकस माणूस. (वस्तरा याला दुसरा शब्द वापरतो.) मी एकदा त्याला गाठून विचारलं, की बाबा रे, तू गाडीतून उतरून चाकांना रोज काय करतोस?

"कुलूप लावतो," तो म्हणाला.

"चाकं चोरीला जातात का?"

"अहो काका, तसलं कुलूप नाही." आणि मग तो खुलला. या माणसाला बायकोचा वाढदिवस विचारला तर आठवायला वेळ लागायचा, पण गाडीचं विचारलं की थांबवावं लागायचं. "एरवी गाडी कोण ओढतं? मागची दोन चाकं. पुढची दोन घरजावई. बरोबर फिरतात, ऐटीत दिसतात, काम शून्य. सडकेवर ते चालतं. पण मातीच्या चढाला मागची दोन एकटी पडतात, जागच्या जागी गरगर फिरतात आणि खड्डा खणतात. तिथं जावयांनाही कामाला लावावं लागतं."

कामाला लावायच्या पायऱ्या दोन. केबिनमध्ये मोठ्या गिअरच्या शेजारी एक आखूड दांडा असतो. तो ओढला की इंजिनाची ताकद पुढच्या बाजूलाही जाते. पण ती जाते चाकाच्या दारापर्यंत. दार उघडायचं ते बाहेरून. पुढच्या प्रत्येक चाकाच्या मधोमध मूठभर आकाराची एक चकती, तिच्यावर बाण. बाण 'मोकळं'कडे असेल तर ताकद आली तशी माघारी जाते, जावई ढिम्म. खाली उतरून, चकती हातानं फिरवून बाण 'कुलूप'कडे आणायचा; इकडेही आणि तिकडेही. मग चारी चाकं झटून ओढतात.

"आणि सडकेवर आलं की?"

"सगळं उलट करायचं. दांडा आधी काढायचा, मग कुलपं मोकळी. डांबरावर चार चाकं लावून ठेवायची नाहीत."

"का?"

"कारण वळताना पुढची चाकं लांबून जातात, मागची जवळून. मातीवर थोडंसं घसरून ती आपसात मिटवून घेतात. डांबर घसरू देत नाही. मग कोणीच मागे हटत नाही आणि गाडीच्या पोटात पीळ बसतो. एकदा बसला की दांडा निघत नाही, जाम! अशा वेळी जोर लावायचा नसतो. गाडी थोडी मागे घ्यायची. पीळ सुटतो, दांडा आपोआप हातात येतो."

वस्तरा दारातून ऐकत होता. तो म्हणाला, "दांडा आत-बाहेर कर, पण ती चकती कशाला रोज फिरवायची? कायमची कुलपं लावून ठेव की. काय होतं?"

"होत काही नाही."

"मग?"

"घरात माणूस नसताना दिवा चालू ठेवता का तुम्ही?" कुलूपवाला म्हणाला. "चाक बिनकामाचं फिरतंय ना, मग त्याला एकटं फिरू द्यावं. त्याच्यामागे आतला सगळा लवाजमा फुकट कशाला फिरवायचा? झीज होते. डिझेल जातं. आणि मुख्य म्हणजे बरं दिसत नाही."

गाडीच्या पोटात काय फिरतंय ते कोणाला दिसणार, असं मी विचारलं नाही. तत्त्वाच्या माणसाशी वाद घालू नये, वेळ जातो.

तर असा हा गडी. पूर्वी त्याचं कुलूप लावणं बघण्यासारखं असायचं. गाडी वळणावर थांबली की उडी मारून उतरायचा, चाकापुढे उकिडवा बसायचा, खट्! गाडीच्या नाकापुढून धावत पलीकडे, पुन्हा उकिडवा, खट्! वस्तऱ्याचा एका गालाला साबण लावून व्हायच्या आत गाडी चढाला लागलेली. मग चष्मेवाल्या बाई आल्या. एकट्या, चाळिशीतल्या, नीटनेटक्या, मोजकं बोलणाऱ्या. त्यांनी ती बंद पडलेली खोली घेतली, खिडकी मोठी करून घेतली आणि थांबणाऱ्या गिऱ्हाइकांना बसायला खिडकीखाली एक बुटका दगडी कट्टा बांधून घेतला. आणि त्यानंतर काही महिन्यांतच आमच्या कुलूपवाल्याच्या घिरट्या सुरू झाल्या.

मी म्हणतो, एवढ्यावरून मी काही बोललो नसतो. पण पुरावा हळूहळू जमत जातो, आपण काय करणार?

पहिला पुरावा बुटांचा. जन्मभर नाडीचे जाडजूड बूट घालणारा माणूस एक दिवस बिननाडीचे, तुळतुळीत, पाय सरकवला की झालं असे बूट घालून आला. वस्तरा म्हणाला, "हे बूट लग्नाळू पोरं घालतात."

दुसरा पुरावा वासाचा. पूर्वी तो जवळून गेला की डिझेलचा वास यायचा. आता अत्तराचा यायला लागला. तोही असा दणकून, की दुकानात त्याच्या पाठोपाठ शिरलेलं गिऱ्हाईक शिंकायचं.

तिसरा पुरावा खुद्द त्याच्या घरातून आला. त्याची बायको, आम्ही तिला वहिनी म्हणतो, कारखान्यात रंगखान्यात कामाला. कप चाकावर फिरत असतो आणि त्याच्या कडेला निळी रेघ ओढायची असते. जिथं सुरू झाली तिथंच येऊन मिळाली पाहिजे, नाहीतर कप बाद. अशा कामाला बसलेल्या बायकांचे हात गुंतलेले, तोंडं मोकळी. तिथं वहिनी एकदा बोलून गेली, "आमच्याकडे साहेब आता जमिनीवर बसून जेवत नाहीत. टेबल-खुर्ची आणलीय. मी खाली, हे वर. वाढायला उठताना मला वाटतं, मी खानावळीत नोकरीला आहे."

रंगखान्यातली गोष्ट संध्याकाळच्या आत बाकड्यावर आली. वस्तऱ्यानं कात्री खाली ठेवली. "बाईंकडे आत टेबल-खुर्चीच आहे," तो म्हणाला. "सवय लावून घेतोय!"

"आणि हल्ली चालताना गुणगुणतो," मी माझा चौथा पुरावा दिला. "दारातून ट्रकपर्यंत गाणं, ट्रकपासून दारापर्यंत गाणं. आणि चालणं कसं, तर झुलत, रमतगमत. पूर्वी कसा पळायचा!"

"संपलं," वस्तरा म्हणाला. "निकाल लागला."

आता अशा गोष्टी सगळ्यांना कळल्यावर सगळ्यात शेवटी ज्याला कळायच्या त्याला कळतात. वहिनीला कळलं ते तिच्या शेजारी रेघ ओढणाऱ्या बाईकडून. त्या दिवशी म्हणे वहिनीचे बरेच कप बाद झाले.

वहिनी आरडाओरडा करणाऱ्यांतली नव्हे. आरडाओरडा करणारी बाई परवडते. ही शांतपणे विचारणाऱ्यांतली. तिनं जेवण वाढलं, स्वतः समोर जमिनीवर बसली आणि वर बघून विचारलं, "वळणावर काय आहे?"

"कट्टा आहे."

"कट्ट्यावर कोण असतं?"

"मी."

"खिडकीत?"

"चष्मे."

"अहो, मी थट्टा करत नाहीये."

"मी तरी कुठे करतोय?" तो म्हणाला, आणि ते खरंच होतं, चारही उत्तरं खरी होती. म्हणूनच वहिनीला राग आला. खोटं बोलणाऱ्या नवऱ्याला पकडता येतं. खरं बोलून लपवणाऱ्याचं काय करायचं?

"पूर्वी तुम्ही गाडी एकदा थांबवत होतात, आता फेऱ्या मारता. का?"

त्यानं ताटातला घास चिवडला.

"एवढंच सांगा. का?"

तो बाजूला बघून म्हणाला, "गाडीचं काम आहे. तुला कळणार नाही."

हे वाक्य ज्या नवऱ्यांनी उच्चारलं आहे त्यांना पुढचं सांगायची गरज नाही. वहिनीनं ताट उचललं आणि सांगितलं, "रविवारी माझा भाऊ येतोय. तोपर्यंत मला कळलं तर कळलं. नाहीतर मी त्याच्याबरोबर जाते. आणि चार दिवसांसाठी जाणार नाही, एवढं लक्षात ठेवा." आणि तिनं माळ्यावरची ट्रंक खाली काढली. ती नुसती दाखवायला काढली नव्हती, हे कळायला त्याला सकाळ उजाडावी लागली. सकाळी ट्रंकेत तिच्या साड्या होत्या आणि कपाटात फक्त त्याचे शर्ट.

आम्हा बाकड्यावरच्या मंडळींना याची कुणकुण लागली, तेव्हा खरं सांगतो, जरा चुटपुट लागली. गप्पा वेगळ्या, एखाद्याचा संसार मोडणं वेगळं. वस्तरा तर म्हणाला, "काका, तुम्ही मोठे आहात, तुम्ही त्याला समजवा." मी म्हटलं समजवतो. त्या संध्याकाळी तो कट्ट्यावर बसून चाकाशी खुडबुड करत होता. मी पलीकडे गेलो.

"काय रे," मी म्हटलं, "या वयात हे शोभतं का?"

"काय?"

"हेच. कट्टा."

त्यानं माझ्याकडे असं पाहिलं की जणू मीच काहीतरी चोरून नेतोय. मग हसला. "काका, लोक काय म्हणतात ते मला माहीत आहे. म्हणू द्या."

"अरे, घर मोडेल!"

"नाही मोडत. ती नुसतं बोलते." एवढं बोलून तो कट्ट्यावर दोन्ही हात रेटून उठला, गाणं गुणगुणत गाडीत बसला आणि गाडी फिरवायला लागला. ज्याच्यावर आळ आहे तो आळ झटकत नाही, उलट त्याला बसायला जागा करून देतो, असा प्रकार मी उभ्या जन्मात पाहिला नव्हता. मला उत्सुकतेनं जेवण गेलं नाही.

शनिवारी सकाळी वहिनी कामावर गेली नाही. ट्रक कारखान्याच्या फाटकातून निघाला तेव्हा ती फाटकाबाहेर उभी होती. हात आडवा केला, दार उघडलं आणि केबिनमध्ये चढून बसली.

"कुठे?" कुलूपवाल्यानं विचारलं.

"तुम्ही जाता तिथे. मला कळणार नाही असं म्हणालात ना, बघते कळतंय का."

आम्ही बाकड्यावरून ट्रक येताना पाहिला आणि केबिनमध्ये दोन डोकी पाहिली. वस्तऱ्यानं गिऱ्हाइकाला तसंच अर्ध्या दाढीवर सोडलं आणि बाहेर आला. खिडकीत चष्मेवाल्या बाईंनी मान वर केली. सगळं वळण श्वास रोखून होतं. आणि ट्रक थांबलाच नाही! कट्ट्यासमोरून सरळ गेला, डांबर संपलं, मातीला लागला आणि दिसेनासा झाला. बाई दारात आल्या. कपाळावर हात धरून त्या चढाकडे बघत राहिल्या आणि तोंडातल्या तोंडात काहीतरी बोलल्या.

"कच खाल्ली," वस्तरा म्हणाला. "बायको शेजारी बसल्यावर कट्टा आठवला नाही!"

"अरे, पण कुलपं?" मी म्हटलं. "कुलपं न लावता गेला तो."

पुढचं मी पाहिलं नाही. ते मला वहिनीनं सांगितलं, पुष्कळ वर्षांनी, आणि तिच्या तोंडून ऐकताना मजा वेगळी होती.

गाडी पहिल्या चढाला वर गेली ती निव्वळ वेगावर. दुसऱ्या चढाला मागची चाकं गरगरली. कुलूपवाल्यानं आखूड दांडा ओढला, पण कुलपं मोकळी, जावई हलेनात. गाडी आडवी सरकली, मागचं एक चाक कडेच्या चरात गेलं आणि पांढऱ्या मातीत अर्धं बुडालं. तो जितकं इंजिन ओरडवायचा तितकं चाक खाली जायचं. शेवटी त्यानं इंजिन बंद केलं. पंपाच्या पाण्याचा आवाज तेवढा ऐकू येत होता.

"आता?" वहिनीनं विचारलं.

"आता थांबायचं."

"कशासाठी?"

"गाडी तापलीय. निवू दे."

गाडी निवली. माणूस जागचा हलला नाही.

"अहो, ती पुढची चाकं फिरवतात ना? मला इतकं तर माहीत आहे. उतरा आणि फिरवा."

"चिखल आहे."

"चिखलाला तुम्ही कधीपासून भ्यायला लागलात? त्या बुटांसाठी का? एवढे जपायचे असतील तर माझ्या मांडीवर ठेवा."

तो स्टिअरिंग धरून समोर बघत होता. वहिनी म्हणाली, "मला तेव्हा वाटलं, या माणसाला तिच्या कट्ट्याशिवाय दुसरीकडे उतरायचंच नाहीये. इतका राग आला, की मीच उतरले." साडी खोचून ती मातीत उतरली, पायातली एक चप्पल तिथेच गेली ती आजतागायत सापडली नाही. चाकापाशी वाकून तिनं ओरडून विचारलं, "कसं करायचं?"

आतून आवाज आला, "मधली चकती धर. बाण दिसतो?"

"चिखल दिसतो!"

"पूस. बाण दिसला? घड्याळाच्या काट्याप्रमाणे फिरव. खट् झालं पाहिजे."

"नाही होत."

"हलक्या हातानं. कपाला रेघ ओढतेस तशी."

खट् झालं. ती म्हणते, इतक्या वर्षांच्या संसारात त्यानं तिच्या कामाचं नाव काढलेलं ते पहिल्यांदा. पलीकडच्या चाकाचंही झालं. ती बाजूला उभी राहिली, त्यानं इंजिन सुरू केलं, हळूच क्लच सोडला आणि गाडी जी मघाशी मेल्यासारखी पडली होती ती पुढच्या दोन चाकांनी माती पकडत, गुरगुरत चरातून वर आली. वहिनी म्हणते, "मला कितीतरी वेळ राग आठवेना. मी नुसती त्या पुढच्या चाकांकडे बघत राहिले. माझ्या हातानं फिरलेली ना!"

मग राग आठवला. ती केबिनमध्ये चढून बसली, मातीनं माखलेले हात मांडीवर ठेवले आणि म्हणाली, "आता सांगा. नाहीतर मी इथूनच चालत जाते, भावाची वाटसुद्धा बघत नाही."

त्यानं खिशातून रुमाल काढून तिला हात पुसायला दिला. मग उजव्या पायाची पँट वर केली.

वहिनी पुढे वाकली. त्या सुजलेल्या जागेवर तिनं बोट टेकवलं तर तो कळवळला. आणि अत्तराच्या खालून तिला पहिल्यांदा मलमाचा वास आला.

"केव्हापासून?"

"झाले दिवस."

"आणि मला सांगितलं नाहीत?"

"तू रंगखान्यात बोलली असतीस."

"मी?"

"तू." तो म्हणाला. "आणि रंगखान्यातलं मॅनेजरसाहेबांना दुसऱ्या दिवशी कळतं. माझ्या आधीच्या ड्रायव्हरचं काय केलं? कंबर धरली म्हणून फाटकावर बसवला. खुर्ची आणि शिट्टी. दिवसभर दुसऱ्यांच्या गाड्यांना हात दाखवायचा. मला नको ती खुर्ची-शिट्टी. लोक माझ्याबद्दल दुसरं काही बोलतात तर बोलू देत म्हटलं. भानगडीवरून कोणी गाडी काढून घेत नाही."

"आणि मी निघून गेले असते तर?"

त्यानं पँट पुन्हा खाली सोडली. वहिनी म्हणते, तेवढं एक उत्तर त्याच्याकडे तयार नव्हतं, आणि ते नव्हतं म्हणूनच तिला जरा बरं वाटलं. मग तिला दुसरंच काहीतरी सुचलं आणि ती एकदम भडकली. "अहो, पण मग ती कुलपं लावूनच ठेवायची ना कायमची! वाकायलाच नको!"

"बिनकामाची चाकं..."

"घाला चुलीत ती बिनकामाची चाकं! सुंभ जळेल पण पीळ जायचा नाही तुमचा!"

माती भरून ती दोघं खाली येत होती तेव्हाही वाद चाललेलाच होता, आणि त्या नादात या मुरलेल्या ड्रायव्हरच्या हातून जी चूक कधी झाली नव्हती ती झाली. दांडा न काढताच गाडी डांबरावर आली. वळणावर स्टिअरिंग जड झालं, टायर कुरकुरले. त्यानं दांडा काढायला हात घातला, जाम. आम्ही बाकड्यावरून बघतोय तर ट्रक चष्मेवाल्या बाईंच्या खिडकीपुढे थबकला आणि चक्क मागे जायला लागला.

"आता रिव्हर्ससुद्धा!" वस्तरा ओरडला. "बायको शेजारी असताना!"

गाडी थोडी मागे गेली, पोटातून खडाक् असा आवाज झाला आणि ती उभी राहिली. दार उघडलं. वहिनी उतरली. एक पाय चपलेत, एक पाय पांढऱ्या मातीत, हात कोपरापर्यंत माखलेले, आणि सरळ खिडकीकडे. मी वस्तऱ्याचा दंड धरला. चष्मेवाल्या बाई उभ्या राहिल्या.

दोघी काय बोलल्या ते बाकड्यापर्यंत ऐकू आलं नाही, याचं दुःख मला पुढे पुष्कळ वर्षं होतं. वहिनीनं ते नंतर असं सांगितलं.

"तुम्हाला माहीत होतं?" तिनं विचारलं.

"हो," बाई म्हणाल्या.

"ते बोलले?"

"ते कशाला बोलतील! माझ्या नाकासमोर बसतात, उठताना तोंड कसं होतं ते दिसतं. मी विचारलं, दुखतं का हो. तर म्हणाले, कोणाला बोलू नका."

"आणि तुम्ही बोलला नाहीत. लोक तुमचं नाव घेत होते तरी?"

"लोकांना चष्मा लावून देता येतो," बाई म्हणाल्या, "पण तो समोरच्या वस्तूसाठी असतो. तिथं नसलेलं ज्याला दिसतंय, त्याला माझ्याकडे नंबर नाही." आणि मग जरा घुटमळून, "आज ते न थांबता गेले, तेव्हा मला काळजी वाटली. ते वर कुठे वाकणार, म्हटलं."

वहिनीला हे झोंबलं, ती कबूल करते. आपल्या नवऱ्याचं दुखणं परक्या बाईला माहीत आणि आपल्याला त्याचं फक्त अत्तर माहीत. ती वळली. ट्रकपाशी आली, चाकाशी वाकली, चकतीला हात घातला. तेवढ्यात वरून कुलूपवाल्याचा आवाज आला. हा मात्र आम्ही सगळ्यांनी ऐकला.

"राहू दे," तो म्हणाला.

"काय राहू दे?"

"कुलूप. लावलेलंच राहू दे."

वहिनीनं वर पाहिलं. "बरं दिसेल का ते?"

"नाही दिसणार," तो म्हणाला. "चल. बस."

भाऊ रविवारी आला, जेवला आणि संध्याकाळी आला तसा एकटा गेला. ट्रंक परत माळ्यावर चढली. ती वहिनीनं चढवली, याला स्टुलावर चढता येईना. सोमवारपासून ट्रक वळणावर थांबायचा बंद झाला. लांबूनच एक हात बाहेर यायचा, खिडकीतून एक मान हलायची, आणि गाडी चढाला लागायची. पुढची चाकं आता उठता-बसता आतला सगळा लवाजमा घेऊन फिरायची. डिझेल जरा जास्त जाऊ लागलं, आणि मॅनेजरसाहेबांनी त्याचा दोष पेट्रोल पंपवाल्याला दिला. वहिनी त्याला परगावच्या डॉक्टरकडे घेऊन गेली. मलम बदललं, अत्तर थांबलं, बूट राहिले. ते त्याला आवडायला लागले होते. आणि रंगखान्यात वहिनी यातलं एक अक्षर बोलली नाही. पोटात काही न राहणारी ही बाई, पण हे राहिलं. पुढे कितीतरी वर्षं त्यानं ती गाडी चालवली आणि सोडली तीही स्वतःच्या मर्जीनं. फाटकावरच्या खुर्चीत तो एक दिवसही बसला नाही.

आमच्या बाकड्यानं या सगळ्याचा अर्थ आपल्या पद्धतीनं लावला. वहिनी स्वतः गेली, खिडकीपुढे उभी राहून बाईंना दोन गोष्टी सुनावल्या आणि प्रकरण मोडून काढलं. पुरावा म्हणजे, त्यानंतर ट्रक थांबला नाही. वस्तरा आजही नव्या गिऱ्हाइकाला ही हकीकत याच चालीवर सांगतो, आणि ती ऐकायला इतकी चांगली वाटते की मीही मध्ये तोंड घालत नाही.

खरं एवढंच होतं. त्याचा उजवा गुडघा पूर्ण दुमडत नव्हता, त्यामुळे त्याला चाकापुढे उकिडवं बसता येत नव्हतं. चष्मेवाल्या बाईंचा कट्टा चाकाच्या चकतीच्या उंचीला होता, तिथं बसून हात पोचत असे. चाकं दोन होती आणि कट्टा एकाच बाजूला होता, म्हणून तो गाडी फिरवत असे.